बिनबटणाची पायडलं

आमच्या धंद्यात मला सर्वांत जास्त चीड आणणारं वाक्य तीन शब्दांचं आहे : ‘विंडो मारून द्या.’

जळगावात मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दहा बाय बाराचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसाला दोन तरी माणसं हे वाक्य घेऊन पायरी चढतात. कुणाच्या खांद्याला लॅपटॉप असतो, कुणी सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षातून उतरतो. ‘मारून द्या’ म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत टाकून द्या. मागणारा माणूस सज्जन असतो. शेजाऱ्याच्या बागेतलं केळीचं पानही तो न विचारता कापणार नाही. पण ही चोरी त्याला चोरी वाटत नाही, कारण ज्याची वस्तू आहे तो सातासमुद्रापार बसलाय आणि गावातला प्रत्येक दुकानदार हेच करतो.

मी करत नाही. एक तर विकतची घ्या, नाहीतर लिनक्स टाकून देते. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी व्यवस्था, जिची आतली सगळी लिखापढी उघडी असते. कुणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. हे मी नऊ वर्षं सांगते आहे आणि नऊ वर्षं समोरच्या चेहऱ्यावर तोच संशय बघते आहे : कुणी आपण होऊन देतंय म्हणजे काहीतरी गडबड असणार.

दिवाळी अंकात अनुभव लिहायचे ते निवृत्त लोकांनी, असं मी संपादकांना म्हटलं होतं. ते म्हणाले, ‘तुझा राग निवृत्त व्हायच्या आत लिहून टाक.’ म्हणून लिहिते.

राग घरातूनच आला. धुळ्यात आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, छापली, बसस्टँडवर उभं राहून वाटली. सातपुड्यातल्या लोकांच्या वनजमिनीच्या दाव्यांवरचं त्यांचं एक पत्रक मला पाचवीतच पाठ होतं. ‘कागद नाही म्हणून माणूस नाही काय?’ असा त्याचा मथळा होता. माझं नावही त्याच कारखान्यातलं, क्रांती. शाळेत बाई हजेरी घेताना ‘क्रांती आली का?’ म्हणायच्या आणि अख्खा वर्ग हसायचा. बाबांना त्यात विनोद दिसायचा नाही.

तर माझं काम म्हणजे ओळख पटवून देण्याचं. लिनक्स टाकून दिलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे संगणकाला जोडायच्या वस्तू : प्रिंटर, स्कॅनर, काटे. बनवणाऱ्या कंपन्या त्या फक्त विंडोसाठी तपासतात आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडतात. मग संगणक वस्तू ओळखत नाही, किंवा भलतंच काहीतरी समजून ओळखतो. केळीच्या एका व्यापाऱ्याचा वजनकाटा संगणकाने कीबोर्ड म्हणून स्वीकारला होता. मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करत असताना बाहेर कुणीतरी काट्यावर घड ठेवला, आणि ‘आमची सुकन्या’च्या पुढे १८.४५० उमटलं. ते त्यांनी मला दाखवलं तेव्हा पत्रिका छापून झाली होती.

तो प्रकार हसून सोडून देण्याजोगा होता. हर्षदाच्या पायडलांचा नव्हता.

हर्षदा चोपडा तालुक्यातली. घरी केळी आणि कापूस, वडील एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना अख्खं गाव नाना म्हणतं, तीही नानाच म्हणते. हर्षदा विमान चालवायला शिकत होती. एकटीने उड्डाण करायच्या आधी प्रशिक्षक शेजारी बसून परीक्षा घेतो, तिला ते लोक ‘चेक’ म्हणतात. हर्षदा एका चेकमध्ये नापास झाली होती. दुसऱ्यांदा झाली असती तर कोर्समधून नाव कमी. दुसरा चेक दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होता.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती आणि नाना दुकानात आले. नानांच्या डोक्यावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड होतं.

‘कॅप्टन म्हणतात, तुझे हात चांगले आहेत, पाय झोपलेत,’ हर्षदा म्हणाली. ‘आडव्या वाऱ्यात उतरताना विमानाचं नाक पायांनी सरळ ठेवावं लागतं, ताई. माझे पाय उशिरा हलतात. संस्थेचा सिम्युलेटर नवरात्राच्या सुट्टीत बंद आहे. म्हणून घरीच सराव करायचा म्हटलं.’

नानांनी गोणपाट सोडलं. आत विमानाची पायडलं होती, जुनी. धुळ्यातला एक गेम झोन बंद पडला तेव्हा तिथलं सामान शांतिलालभाईंनी उचललं होतं. शांतिलालभाई म्हणजे आग्रा रोडवरचे संगणकाचे व्यापारी, मूळचे मारवाडचे, तीन पिढ्या धुळ्यात. त्यांच्याकडून हर्षदाने हातात धरायचा दांडा आणि पायडलं घेतली होती. डाव्या पायडलाची स्प्रिंग मेलेली होती. नानांनी जुन्या जीपच्या क्लचची स्प्रिंग बसवली होती आणि ती मावावी म्हणून वरचं प्लास्टिकचं झाकण आरीने कापलं होतं. सगळं सागाच्या फळीवर चार बोल्टांनी आवळलेलं. काम इतकं नेटकं की मी फळीवरून हात फिरवला.

‘चालत नाही?’ मी विचारलं.

‘दांडा चालतो. पायडलं नाही. आणि...’ हर्षदा घुटमळली. ‘तुम्ही हसाल.’

‘डावा पाय दाबा का स्क्रीन आडी पडी जास,’ नाना म्हणाले. ‘माले वाटनं, विमानच पडनं.’

त्यांनी दाखवलं. लॅपटॉपवर माझ्याच दुकानातून टाकलेलं लिनक्स होतं आणि त्यात विमान उडवायचा एक मुक्त प्रोग्रॅम. पायडलं जोडली, हर्षदाने डावा पाय दाबला, आणि पडद्यावरची धावपट्टी, आभाळ, घड्याळ, सगळं चित्र कुशीवर वळलं. पाय सोडला, सरळ झालं.

‘शांतिलालभाई म्हणाले, व्हायरस आहे,’ हर्षदा म्हणाली. ‘म्हणाले, चेक केलेला पीस आहे, एकदम ओके. ते फुकटवालं काढा, विंडो मारून घ्या.’

माझी तिथेच सटकली. मी त्यांना म्हटलं, ‘बसा. हे मी करणार.’

आता हे नीट समजून घ्या, कारण माझा सगळा राग या एका गोष्टीवर उभा आहे. संगणकाला कुठलीही वस्तू जोडली की आत, दारावर बसलेल्या कारकुनासारखा, एक लहानसा प्रोग्रॅम तिला प्रश्न विचारतो. तुला बटणं आहेत का? किती? तुझ्या हालचाली किती दिशांना? उत्तरांवरून तो ठरवतो, हा माउस, हा कीबोर्ड, हा विमानाचा दांडा. हर्षदाच्या दांड्याला डझनभर बटणं. कारकुनाने त्याला सलाम ठोकून आत सोडलं. पायडलांना बटण नाही. पायाने कुणी बटण दाबतं का? त्यांना तीन हालचाली असतात : डावा ब्रेक, उजवा ब्रेक आणि दोन्ही पायडलं मिळून पुढे-मागे सरकतात ती तिसरी, शेपटीवरचा रडर वळवणारी. कारकुनाच्या वहीत लिहिलंय की तीन दिशा आहेत आणि बटण एकही नाही, अशी वस्तू म्हणजे मोबाइल आडवा केला की चित्र आडवं करणारा तो आतला बारीक तुकडा. झालं. विमानाच्या पायडलांना त्याने मोबाइलचा तुकडा ठरवलं. पाय दाबला की त्याला वाटायचं, लॅपटॉप कुणीतरी कुशीवर झोपवला.

हे मी नानांना सांगितलं. ते विचार करून म्हणाले, ‘बटण नही ना तेले? मंग एक बटण बसाडी दे. वायर मी जोडस.’

उपाय खरा होता. त्या सर्किटवर एक जागा मोकळी होती. बटण जोडलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. आणि मी काय केलं? मी भाषण केलं. ‘का म्हणून, नाना? पायडलाला बटणाची गरज नाही. ज्याची गरज नाही ते फक्त कारकुनाला दाखवायला लावायचं? चूक वहीत आहे, वही सुधारायची.’

नाना हर्षदाकडे बघून म्हणाले, ‘हाई बठ्ठं धुळानं पानी शे.’ म्हणजे हा सगळा हट्ट माझ्या धुळ्याच्या घरचा.

वही सुधारायला मला पाच दिवस लागले. उत्तर शेवटी एका ओळीचं निघालं, पण ती ओळ कुठे लिहायची आणि पायडलांचा नेमका क्रमांक कोणता, हे शोधायला पाच दिवस. मी बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं : आमचं उत्पादन आपल्या प्रणालीसाठी नाही. मी फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, ‘मॅम, आपण विंडो टाकून घ्या ना.’ मी विचारलं, वस्तू तीच, तार तीच, मग पायडलाने आपण पायडल आहोत हे सांगू नये असा काही कायदा आहे का? ती म्हणाली, ‘मॅम, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.’ कुठल्या वहीत, ते तिने सांगितलं नाही.

पाचव्या माळेच्या दिवशी मी ती ओळ लिहिली. तिचा अर्थ एवढाच : हा क्रमांक असलेली वस्तू मोबाइलचा तुकडा नाही, ही विमानाची पायडलं आहेत. तार काढली, पुन्हा जोडली. डावा पाय दाबला. चित्र जागेवर राहिलं आणि पडद्यावरच्या विमानाने डावा ब्रेक घेतला. मी दुकानात एकटीच होते, तरी ‘झिंदाबाद’ म्हणाले.

हर्षदा त्याच संध्याकाळी पायडलं घेऊन गेली. मग रोज तिचा फोन यायचा. आज आडवा वारा इतका ठेवला, आज दहापैकी चार वेळा नीट उतरले, आज सात. मला धावपट्टी आणि वारा यातलं फारसं कळत नाही. पण आवाज कळतो. तिच्या आवाजातली ती पहिल्या दिवसाची घुटमळ गेली होती.

नवमीला फोन आला नाही. दसऱ्याच्या सकाळी आला तो रडतच.

‘ताई, विमान आपोआप डावीकडे ओढतंय. मी पायही लावत नाही तरी. उद्या मला संस्थेत परत जायचंय. आजचाच दिवस आहे.’

मी तिला फोनवरून एक-एक आज्ञा टाइप करायला लावली. पायडलांच्या तीन हालचालींचे तीन आकडे पडद्यावर दिसतात. पाय न लावता ते स्थिर हवेत. डाव्या ब्रेकचा आकडा, ती म्हणाली, नाचतोय. शून्य, चाळीस, तीन, नव्वद, शून्य.

आकडे नाचतात म्हणजे आतला भाग खराब. आतला भाग खराब म्हणजे माल खराब. माल कुणी दिला? चेक केलेला पीस, एकदम ओके, कुणी म्हटलं? माझ्या डोक्यात सगळं ओळीने बसलं, आणि ते बसलं तेव्हा मला बरं वाटलं, हे मी कबूल केलं पाहिजे. इतके दिवस कंपनीच्या गोड आवाजावर आपटून परत आलेला राग शेवटी एका नावावर जाऊन टेकला.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या संगणकवाल्यांचा आणि गिऱ्हाइकांचा एक मोठा ग्रुप आहे. त्यावर मी पंधरा मिनिटांत जाहीर निषेध लिहिला. शांतिलालभाईंच्या नावानिशी. ‘शेतकऱ्याच्या लेकीच्या पंखांचा सौदा करणारे हे व्यापारी’ असं त्यात एक वाक्य होतं. आज ते वाचताना कानशिलं तापतात. तेव्हा मी ते दोनदा वाचून पाहिलं होतं आणि मला आवडलं होतं. धडाधड अंगठे पडले. चोपड्याची बस पकडली तेव्हा फोन खिशात सारखा थरथरत होता.

गावात पोचले तेव्हा दाराला झेंडूचं तोरण, अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा, त्याच्या बोनेटवर स्वस्तिक. नानांनी दारातच माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. ‘सोनं ले माय. सोनासारखी ऱ्हाय.’

मी पान मुठीत दाबलं आणि सरळ पायडलांकडे गेले. चार बोल्ट नानांनीच सोडले. झाकण उचललं.

आत सगळं लाल होतं.

‘नाना, हे काय आहे?’

‘कुकू शे,’ नाना म्हणाले. जसं काही मी शहरातून आले म्हणून मला कुंकू ओळखता येत नव्हतं.

‘हे आत कसं गेलं?’

‘काल खंडेनवमी नव्हती का?’

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आमच्याकडे कुणी विळा पूजतं, कुणी शिलाई मशीन, कुणी तराजू. नानांनी ट्रॅक्टर पूजला, पाने-पकडी पूजल्या आणि मग पायडलांना ओलं हळदकुंकू बोटभर लावून, वर फूल ठेवून, पाण्याचं बोट फिरवलं होतं. स्प्रिंगसाठी त्यांनी जी फट कापली होती, तिच्याच काठावर. पाणी आणि कुंकू फटीतून आत उतरलं आणि जिथे पायाची हालचाल मोजली जाते त्या बारीक पट्टीवर जाऊन वाळलं. त्यावरून सरकणारा काटा प्रत्येक कणाला अडखळत होता.

‘तीस वरीस मी बसना ब्रेकले कुकू लावं,’ नाना म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘एकबी डाव ब्रेक फेल व्हयना नही.’

‘म्हणून काल मी सराव केला नाही, ताई,’ हर्षदा म्हणाली. ‘पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. आणि आज सकाळी आधी पायडलांच्या पाया पडले, मग पाय ठेवला. नाना म्हणाले, पूजलेल्या वस्तूवर पाय ठेवायचा तर तिला विचारून ठेवायचा.’

माझ्या घरात असल्या प्रसंगासाठी तयार पत्रक असतं. यंत्र आणि कर्मकांड, श्रमाचं दैवतीकरण, वगैरे. मी तोंड उघडलंही. पण नानांनी कापलेली ती फट, आवळलेले चार बोल्ट, सागाची फळी माझ्या पुढ्यात होती. या माणसाने त्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त वेळ हात लावला होता. मी म्हटलं, ‘नाना, पूजा यंत्राच्या आत जायला नको होती.’

‘पूजा चुकनी नही माय,’ ते म्हणाले. ‘जागा चुकनी.’

दसऱ्याला चोपड्यात मेडिकल दुकान एक उघडं सापडलं. हर्षदा सायकलवर जाऊन स्पिरिट आणि कापूस घेऊन आली. पट्टी नानांनीच पुसली. काडीला कापूस गुंडाळून, श्वास रोखून, एकाच दिशेने. तासाभराने झाकण बसवलं. डाव्या ब्रेकचा आकडा शून्यावर येऊन बसला आणि हलला नाही. हर्षदाने पाय धुतले, पायडलांवर ठेवले आणि आडवा वारा लावून सरावाला लागली. त्या दिवशी तिने दुपारचं जेवणही खुर्चीत बसूनच केलं.

मी अंगणात आले आणि फोन बघितला. अंगठ्यांच्या गर्दीत शांतिलालभाईंचं उत्तर होतं, एकच ओळ : ‘ताई, पीस घेऊन या, बसून बघू. सण आहे, रागावू नका.’

मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘पुरावा होता?’

‘आकडे होते.’

‘खरे होते?’

‘खरे होते. पण ते कशाने हलतात, हे उघडून बघितलं नाही.’

‘आणि छापलंस.’

‘हो.’

‘निषेध किती शब्दांचा?’

‘साडेतीनशे असतील.’

‘मग खुलासाही साडेतीनशे शब्दांचा. त्याच ग्रुपवर, त्यांच्या नावानिशी. निषेध पानभर आणि खुलासा कोपऱ्यात एक ओळ, हे आपण ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली त्यांचं काम.’

ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून मी खुलासा लिहिला. माझं चुकलं हे एका ओळीत संपतं, उरलेल्या तीनशे चाळीस शब्दांत काय लिहायचं हे कळेना, तेव्हा काय-काय तपासायला हवं होतं आणि मी तपासलं नाही, ते क्रमाने लिहून काढलं. ‘पंखांचा सौदा’ हे वाक्य शब्दशः उतरवून परत घेतलं. नानांच्या पूजेचा उल्लेख केला नाही, एवढंच लिहिलं की झाकणाच्या फटीतून कचरा गेला होता आणि ती फट माझ्या डोळ्यांसमोर होती. निषेधाला पडलेल्या अंगठ्यांच्या निम्मेही अंगठे खुलाशाला पडले नाहीत. लोकांना दुसऱ्याची चोरी जितकी आवडते तितकी आपली चूक आवडत नाही, मला तरी कुठे आवडत होती.

दोन दिवसांनी दुपारी हर्षदाचा फोन आला. पहिल्यांदा नुसता वारा ऐकू आला, मग ती.

‘ताई, कॅप्टननी विचारलं, पाय कुठे जागे केलेस?’

‘मग?’

‘म्हटलं, चोपड्याला, सर.’ आणि मग तिला हसू आवरेना. उद्या एकटी उडणार होती.

मी त्या आठवड्यात धुळ्याला जाऊन शांतिलालभाईंना भेटले. त्यांनी चहा मागवला. ‘खुलासा वाचला,’ ते म्हणाले. ‘लांब होता. निषेध पण लांब होता. तुमच्या घराण्यात थोडक्यात काही नाही का?’ मग त्यांनी हळूच विचारलं, ‘ते स्क्रीन आडवं व्हायचं ते... व्हायरस नव्हता?’

‘नव्हता. बटण नाही म्हणून ओळख नव्हती.’

‘असं असतं?’ त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘ती ओळ मला द्या. माझ्याकडे अजून एक जोडी पडून आहे.’

मी कागदावर ओळ लिहून देत होते, तेवढ्यात एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आत आले. ‘शेठ, विंडो मारून द्या.’ शांतिलालभाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘पाच मिनिटं बसा.’ मी तिथेच भांडले. माफी मागायला गेलेल्या बाईने भांडू नये, हे मला माहीत आहे. पण माझी चूक एका पायडलाबद्दल होती, या गोष्टीबद्दल नाही.

राहता राहिली कारकुनाची वही. लिनक्सची लिखापढी उघडी असते, म्हणून चूक जिथे आहे तिथल्या लोकांना मी लिहिलं : बटण नसणं हा ओळख नाकारायचा आधार असू शकत नाही. कुठल्यातरी देशातल्या माणसाने सभ्यपणे उत्तर दिलं. ते म्हणाले, नियम बदलला तर दुसऱ्या वस्तू बिघडतील. तुमच्या पायडलांचा क्रमांक आम्ही अपवादांच्या यादीत घालतो. घातलाही. आता जगात कुठेही कुणी ती पायडलं लावली तर आपोआप ओळखली जातील. विकणाऱ्या कंपनीने हे कधीच केलं नसतं, हे मला मान्य आहे आणि म्हणूनच मी लिनक्सवाल्यांची आहे. पण मी हे बालपणापासून बघत आलेय. एका पाड्याचा दावा मंजूर होतो, मोर्चा परत जातो, आणि नियम जागेवर असतो, पुढच्या बिनबटणाच्या वस्तूची वाट बघत. मी पुन्हा लिहिलं आहे. लिहीत राहणार आहे.

यंदा खंडेनवमीला नानांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. हर्षदा उड्डाणावर होती. पायडलं घरीच होती, आता सुट्टीत गावातल्या दोन मुली येऊन त्यांवर शिकतात. नानांनी फडकं बाजूला केलं. झाकणाच्या फटीवर रबराची पट्टी चिकटवली होती. आणि फळीच्या पुढच्या कडेला, मधोमध, जुन्या ट्रॅक्टरच्या हॉर्नचं लाल बटण बसवलेलं होतं.

‘नाना, हे कशाला जोडलंय?’

‘कशालेच नही.’

‘मग?’

‘तुन्हा त्या कारकूनले दाखाडाले,’ ते म्हणाले. ‘आनि कुकूले जागा.’

मी खाली वाकून बघितलं. बटणाला वायर नव्हती. नानांनी त्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, फूल ठेवलं आणि मागे सरकले. मी लॅपटॉप उघडला, पडद्यावर तीन आकडे आले. डावा, उजवा, रडर. तिन्ही शून्यावर होते आणि हलत नव्हते.